नऊ मिनिटे चाळीस सेकंद

“काका, जरा हळू चाला,” मागून मॅडम म्हणाल्या, “मला धाप लागलीये.”

हे ऐकून पोस्टमन आणखीच जोरात चालू लागला.

चौसष्ट वर्षांचा माणूस. नोकरी सुटून सहा वर्षे झालेली. या सहा वर्षांत त्याला ‘हळू चाल’ असे कुणी म्हटले नव्हते, कारण त्याच्याबरोबर कुणी चाललेच नव्हते. भाजी आणायची, ताईची औषधे आणायची, परत यायचे. त्याला काय चालणे म्हणतात? आणि आज नियोजन कार्यालयातली तिशीची अधिकारी हातात घड्याळ धरून त्याच्या मागे पळत होती. त्याने नोकरीतले शेवटचे काळे बूट घातले होते. सकाळी त्यांना दोनदा पॉलिश झाले होते.

माणसाला गर्व कशाचा होईल ते सांगता येत नाही. कुणाला रूपाचा होतो, कुणाला गळ्याचा, कुणाला तर आपण किती नम्र आहोत याचाच होतो. या माणसाला पायांचा होता. देवाने बुद्धी बेताची दिली, रूप वाटताना याची पाळी येईपर्यंत बहुधा संपलेच, पण पाय दिले ते हात सैल सोडून. एकतीस वर्षे टपालवाटपाचे एकच बीट, रोजचे चौदा किलोमीटर, आणि एकदाही पत्र उद्यावर टाकलेले नाही.

उपनगरात छोटी रेल्वे येणार होती. स्टेशनचे खांब उभे राहिले होते. स्टेशनच्या भोवती म्हणे ‘हरित उपनगर’ होणार होते. मोटारी कमी, झाडे जास्त, आणि सगळे काही पायी अंतरावर. पायी अंतर म्हणजे दहा मिनिटे, असे वरून ठरून आले होते. दुसऱ्या कुणी नकाशावर कंपास ठेवून गोल काढला असता आणि घरी गेला असता. पण मॅडम कामाला चोख. त्या म्हणाल्या, माणूस काही भिंतींतून चालत नाही. स्टेशनपासून प्रत्येक गल्ली प्रत्यक्ष चालून बघायची. गल्लीबोळ पाठ असलेला माणूस हवा म्हणून त्यांनी पोस्टात विचारले, आणि पोस्टाने याच्याकडे बोट दाखवले.

गेले अकरा दिवस ती दोघे चालत होती. आजची गल्ली शेवटची.

“ही तुमचीच ना?” मॅडमनी मघाशी निघताना विचारले होते. “ही काही दहा मिनिटांत बसायची नाही. शाळेला मोठा वळसा आहे.”

“वळसा तुम्हाला कुणी सांगितला?” तो म्हणाला होता.

आणि आता तो शाळेकडे न जाता बेकरीच्या मागे वळला. तिथे जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ होती. तोंडाशी लाकडी फाटक, त्याला आतून कडी. त्याने न बघता वरून हात घातला, कडी उचलली आणि आत शिरला. एकतीस वर्षांची सवय, हाताला विचारावे लागत नव्हते.

“काका, नाडी सुटलीये तुमच्या बुटाची.”

“सुटू दे.”

खिडकीतून बेकरीवाल्याने पिठाचा हात हलवला. “काय पोस्टमन, आज कुणाचं पत्र?”

“आज मीच पत्र,” हा चालता चालता म्हणाला.

“हा रस्ता सगळ्यांना खुला आहे का?” मागून मॅडमनी विचारले.

“मला तर कधी कुणी अडवलं नाही.”

त्यात काही खोटे नव्हते. मॅडमनी तसे लिहून घेतले.

बोळीतून तो बाहेर पडला, गल्लीच्या कोपऱ्यावरचे दुधाचे दुकान मागे टाकले, शिंप्याची पायरी ओलांडली आणि स्वतःच्या घराच्या चौकटीला हात लावून थांबला, लहानपणी शिवाशिवी खेळताना मुले थांबतात तसा. मॅडमनी घड्याळ दाबले.

“नऊ चाळीस.”

“कोण पळतंय?” आतून ताईचा आवाज आला. “चोर आला की तूच आलास?”

“पाहुण्या आहेत, ताई.”

“पाहुण्यांना असं पळवत आणतात होय? आत घे, पाणी दे त्यांना.”

पाणी पिऊन मॅडम पायरीवर टेकल्या. खरोखरच्या कौतुकाने म्हणाल्या, “या वयात, काका, आणि तेही नाडी सुटलेली असताना. एक फोटो काढू तुमचा?” तो आत जाऊन खिळ्यावरची जुनी पिशवी घेऊन आला, खांद्याला अडकवली आणि एक पाय पुढे टाकून हसत उभा राहिला. एका हाताने कागदावर सही केली: प्रत्यक्ष चालणारा, निवृत्त पोस्टमन, वय चौसष्ट.

मॅडम गेल्यावर तो ताईला म्हणाला, “आपली गल्ली बसली बघ. वीस सेकंद राखून.”

“कशात बसली?”

“दहा मिनिटांत. स्टेशनच्या.”

“मला काय करायचंय स्टेशन? मला कुठे सासरी जायचंय आता?”

“डोळ्यांचं हॉस्पिटल त्याच लाइनवर आहे, ताई. दर महिन्याला दोन बस बदलायला नकोत. पायी स्टेशन, गाडीत बस, हॉस्पिटलच्या दारात उतर.”

ताईने मान हलवली. “डोळे होते तेव्हा दोन बस. डोळे गेले, आता गाडी दारात. चांगलंय.”

ताई त्याची मोठी बहीण. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी विधवा होऊन परत आली, आणि आई गेल्यावर तिनेच याला वाढवले. याचे लग्न करून द्यायचे तिने दोनदा मनावर घेतले होते. दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी विचारले, बहीण कुठे राहणार? दोन्ही वेळा याने चहा संपवला, नमस्कार केला आणि उठला. याचा उल्लेख घरात पुन्हा झाला नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षे दोघे भांडत, हसत राहिली.

काचबिंदूने तिचे डोळे एकदम नेले नाहीत. तीन वर्षे घेतली. त्या तीन वर्षांत तिने एक काम केले. डोळे शाबूत असलेल्यांना ते सुचायचे नाही. रोज सकाळी ती डोळे मिटून गल्लीत चालायची आणि हा दोन पावले मागून. दारापासून नळ, नऊ पावले. शिंप्याची पायरी, एकतीस. मध्ये गटारावरची डुगडुगती फरशी, ती पायाखाली वाजली की समजायचे साठ झाली. कोपऱ्यावरचे दुधाचे दुकान, चौऱ्याऐंशी. उजवीकडून भाजत्या पावाचा वास आला की वळण. शेवटचा उजेड गेला तेव्हा तिच्याजवळ सगळी गल्ली तयार होती. त्या दिवसापासून आजतागायत घरातले दूध ती आणत होती. एकटी, काठी न घेता, कुणाचा हात न धरता. एकदा सर्दीने वास येईना तेव्हा याने मागे जाऊन दंड धरला, तर भर रस्त्यात म्हणाली, “सोड. मी म्हैस नाही, हाकत न्यायला.”

एवढी एक गोष्ट तिची होती. बाकी सगळे तिने केव्हाच देऊन टाकले होते, काही देवाला, काही भावाला.

चार महिन्यांनी गल्लीतल्या खांबावर नोटीस लागली. शिंप्याने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली आणि जमलेली माणसे ऐकत राहिली. स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आतली सगळी बैठी घरे पाडून तिथे उंच इमारती होणार होत्या. गच्चीवर बागा, पावसाच्या पाण्याच्या टाक्या, उन्हावर चालणारे दिवे. शाश्वत उपनगर. राहणाऱ्यांनी तीन महिन्यांत खोल्या सोडून तात्पुरत्या वसाहतीत जायचे. पाच वर्षांनी नवीन घर मिळेल. दहा मिनिटांच्या बाहेरची घरे आहेत तशीच राहतील.

“शाश्वत म्हणजे काय रे?” दुधवाल्याने विचारले.

“जे टिकतं ते,” शिंपी म्हणाला.

“मग आपलं पाडतायत कशाला? ते तर पन्नास वर्षं टिकलंय.”

कुणी हसले, कुणी नाही. शिंप्याने नोटिशीचे दुसरे पान उलटले. त्यावर गल्ल्यांची यादी होती आणि प्रत्येकीपुढे मिनिटे. तो बोट फिरवत खाली आला आणि थांबला. मग चष्मा काढून त्याने पोस्टमनकडे पाहिले.

“एकतीस वर्षं माझ्या दारात पत्रं आणलीस. लग्नाचं आणलंस, मयताचं आणलंस, कधी तोंड वाकडं केलं नाही. म्हटलं, आता रिटायर झाला, आता काही आणणार नाही. हेही तूच आणलंस होय?”

“मला वाटलं, आत येणं चांगलं असतं,” पोस्टमन म्हणाला.

“पलीकडची गल्ली बघ. दहा मिनिटं पाच सेकंद. वाचली.”

“तिथं त्या दिवशी शाळा सुटली होती. मुलांची गर्दी होती रस्त्यात.”

“आमच्या नशिबी मुलंही आडवी आली नाहीत,” शिंपी म्हणाला आणि आत जाऊन मशीन चालवू लागला. कापड नसताना चालवत होता. आवाजावरून कळत होते.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन अर्ज घेऊन नियोजन कार्यालयात गेला. अक्षर मोत्यासारखे होते. कधीकाळी अर्ध्या बीटची पत्रे त्यानेच लिहून दिली होती. मॅडमनी ओळखले, खुर्ची दिली, पाणी मागवले.

“मॅडम, आमच्या गल्लीचं माप चुकलंय.”

“कसं?”

“मी जोरात चाललो.”

मॅडम हसल्या, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. “काका, तुमचं वय चौसष्ट. तुम्हाला नऊ चाळीस लागली, म्हणजे तरुण माणसाला आठच लागतील. वरच्या साहेबांनी तर तुमचं उदाहरण दिलं मीटिंगमध्ये.”

“मी पोस्टमन आहे, मॅडम. लोक असे चालत नाहीत.”

“तुमची सही आहे.”

“आणि ती बोळ सगळ्यांची नाही. बेकरीवाल्याची आहे. फाटकाला आतून कडी आहे.”

“तुम्हीच म्हणालात, कधी कुणी अडवलं नाही.”

“मला नाही अडवलं.”

मॅडमनी नकाशा पुढे ओढला. ती बोळ आता हिरव्या रेषेत होती, बाजूला लिहिलेले: पादचारी मार्ग. त्याने बोटाने ती रेष पुसल्यासारखे केले. ती छापील होती.

“परत चालू या,” तो म्हणाला. “आत्ता. शाळेवरून. माझ्या बहिणीला घेऊन चालू.”

“बहिणीला?”

“तिला दिसत नाही. तिचंही माप घ्या. तिचं घर आहे ते.”

“निरोगी प्रौढ माणूस धरतात, काका. तसा नियम आहे.”

“म्हणजे जो धड नाही त्याला अंतर नसतं?”

मॅडमनी नकाशाची घडी घातली. बाई दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर याला शिव्या देऊन घरी येता आले असते. शेवटी हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही आज हळू चालून दाखवलंत तर मला विचारतील, हा तेव्हा खरं चालला की आता? काय सांगू मी?” आणि मग, “खरं सांगू का? मी त्या दिवशी बरोबर अंदाज केला होता, ही गल्ली बसणार नाही म्हणून. पण तुम्ही इतक्या जिद्दीनं चालत होतात. मला वाटलं, काकांना आत यायचंय.”

अर्ज त्याने घडी करून परत खिशात ठेवला. एवढ्या वर्षांत पत्ता सापडला नाही म्हणून परत आणलेले हे त्याचे पहिलेच पत्र.

घरी त्याने काही सांगितले नाही. पण गल्ली दिवसभर बोलत होती, आणि डोळे गेलेल्या माणसापासून आवाज कोण लपवणार? रात्रीचे जेवताना ताई म्हणाली, “कितीनं बसली म्हणाला होतास तेव्हा?”

“वीस सेकंदांनी.”

“त्या बाई पाणी पिताना म्हणत होत्या, तुझी नाडी सुटलीये.”

“हो.”

“नाडी बांधायला किती लागतात?”

तो घास हातात धरून बसला.

“लहानपणी तुला मीच शिकवली होती बांधायला,” ताई म्हणाली. “आधी गाठ, मग फास. तू दरवेळी म्हणायचास, वेळ जातो गं.” मग तिने त्याच्या ताटाच्या दिशेने भाजीचे भांडे सरकवले. “जेव. अन्नावर राग नको.”

रागावली असती तर बरे झाले असते. रागावण्याइतके परके तिने त्याला कधी केले नाही, हीच त्याची शिक्षा.

तात्पुरती वसाहत रुळांच्या पलीकडे होती. तिसरा मजला, लांबच लांब व्हरांडा, आणि एकासारखे एक दरवाजे. सामान लागल्यावर तिसऱ्या दिवशी ताई उठली, भांडे घेतले आणि भिंतीला हात न लावता बाहेर पडली. चौदा पावले मोजून परत वळली, एक पाऊल कुठेतरी जास्त पडले आणि तिने शेजारच्या दाराची कडी चाचपली. आतून एक बाई ओरडली, “कोण गं तू? काय पाहिजे?” लोक जमले. कुणीतरी समजावले, आंधळी आहे बिचारी. कुणीतरी हाताला धरून तिला आणून घरात सोडले.

त्या दिवशी ताईने भांडे घासून पालथे घातले. त्यानंतर दूध तो आणू लागला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसे. खिडकीतून काय दिसते हे तिने कधी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. खिडकीतून दुसऱ्या खिडक्या दिसत.

एका सकाळी त्याला राहवले नाही. वसाहतीपासून स्टेशनपर्यंत तो चालत गेला, जुन्याच चालीने, नाड्या नीट बांधून. सत्तावीस मिनिटे लागली. हे माप घ्यायला कुणी घड्याळ घेऊन आले नव्हते.

वर्षभराने स्टेशन सुरू झाले. तिथपर्यंत पायी जाणे ताईला झेपणारे नव्हते, म्हणून डोळ्यांच्या हॉस्पिटलला आता तीन बस बदलाव्या लागत. तिसऱ्या खेपेनंतर ताई म्हणाली, “पुरे झालं. डॉक्टर माझ्यापेक्षा काय जास्त सांगणार?” आणि मग, “मला एकदा गल्लीत ने.”

“तिथं काही नाही आता, ताई. दिसण्यासारखं काही नाही.”

“मला दिसायला कुठे लागतंय?”

तो तिला बसने घेऊन गेला. बेकरी नव्हती. बोळीच्या जागी सिमेंटच्या गाड्या उभ्या होत्या, म्हणून ती दोघे शाळेला वळसा घालून कोपऱ्यावर आली. तिथे ताईने त्याचा हात सोडला. पदर खोचला, नाक वर करून एकदा हवा हुंगली आणि चालू लागली. तो दोन पावले मागे. डुगडुगती फरशी अजून होती. ती पायाखाली वाजली तेव्हा ताईच्या पाठीवरूनही कळले की ती हसली. शिंप्याची पायरी होती तिथे ती क्षणभर थांबली, मशीनच्या आवाजासाठी. मग पुढे. चौऱ्याऐंशीव्या पावलाला तिने उजवा हात पुढे केला, दाराच्या चौकटीकडे. हात गार पत्र्याला लागला.

सगळ्या गल्लीच्या बाजूने उंच पत्रे लावलेले होते, आत यंत्रांचा आवाज. पत्र्यांवर झाडे रंगवलेली, सायकली, हसणारी मुले. आणि नेमका इथे, दोन पुरुष उंचीचा, खांद्याला पिशवी अडकवलेला, एक पाय पुढे टाकलेला म्हातारा. वर मोठी अक्षरे: सगळे काही दहा मिनिटांवर.

ताईने तळवा पत्र्यावर फिरवला. “रंग दिलाय का? गुळगुळीत लागतंय.”

“हो.”

“काय काढलंय?”

“माणूस आहे एक. चालतोय.”

“ओळखीचा आहे का कुणी?”

“नाही,” तो म्हणाला.

ताईचा हात खाली खाली येत गेला, गुडघ्याच्या, मग बुटाच्या उंचीला येऊन थांबला. यंत्र जरा वेळ बंद झाले होते. तो चित्राकडे पाहत होता. दोरखंडाएवढी सुटलेली नाडी हवेत उडालेली, आणि वर ते हसू.

“बुटाची नाडी सुटलीये त्याच्या,” तो म्हणाला.

ताईने वाकूनच तिथे तळवा टेकवला.

“मग थांब म्हणावं त्याला,” ती म्हणाली.

ती सरळ झाली आणि तिने हात बाजूला धरला, कुणीतरी घ्यावा म्हणून. तो होता तिच्या दुसऱ्या बाजूला. वळसा घालून तो त्या हाताकडे गेला.